सदाफुलीचा डोस

७ जानेवारी, मंगळवार

पप्पांची पहिली केमो आज झाली. सकाळी साडेआठला हॉस्पिटल, संध्याकाळी सहाला कामोठ्याला घरी.

लॅबमध्ये आमचे सर म्हणतात, लिहिलं नाही ते रीडिंग घेतलंच नाही. मी महाप्याला प्रेशर गेज आणि थर्मामीटर तपासते. कारखान्यांतून येतात, ते खरं दाखवतात की खोटं ते आम्ही सांगायचं. तीच सवय घरी आणायची ठरवलं आहे. रोज ताप, वजन, खाणं, पाणी, पोट. बाकी जे दिसेल ते इथे.

आजार लिम्फोमा. मानेतल्या आणि काखेतल्या गाठी पप्पांना माहीत आहेत, कारण त्या हाताला लागतात. आजार हाडांच्या मगजातही पोहोचला आहे, म्हणजे चौथी स्टेज, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात चौथ्या स्टेजलाही माणसं बरी होतात, औषध तेच. औषध तेच असेल तर सांगून काय बदलणार?

एक औषध लाल होतं. ते शिरेत जाताना पप्पांनी डोळे मिटून घेतले. सगळ्यात शेवटी एक छोटी पिशवी लावली, आतलं औषध पाण्यासारखं, दहा मिनिटांत संपलं. मी नाव विचारलं. व्हिन्क्रिस्टिन. सिस्टर म्हणाल्या, "सदाफुलीपासून काढतात."

पप्पांनी डोळे उघडले. "सदाफुली? आपल्या बिल्डिंगच्या गेटपाशी हाय ती? मीच लावली की!"

दिवसभरात पहिल्यांदा हसले. तिथूनच त्यांच्या जुन्या दोस्ताला, किसनकाकांना फोन. "मास्तर, भ्यायचं काम नाही. झाडपाल्याचं औषध हाय."

मी फाईल आवरत राहिले. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते खाणाऱ्यासाठी विष तयार करतं. सदाफुलीला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

निघताना सिस्टरांनी सांगितलं, ताप आला तर लगेच आणा. या औषधाने आतडी सुस्त होतात, म्हणून रोज झोपताना हे गोड पातळ औषध द्या, पोट रोज साफ व्हायला हवं. दोन दिवस झालं नाही तर फोन करा, वाट बघू नका. हे त्या पप्पांकडे बघून सांगत होत्या. पप्पा खिडकीतून पार्किंग बघत होते. मान मी हलवली.

१० जानेवारी, शुक्रवार

पप्पा जेवताना थांबले.

"दाढ दुखायलीय."

"कोणती?"

"सगळ्याच."

सगळ्या दाढा एकदम दुखत नाहीत. हॉस्पिटलला फोन केला. हाही त्याच औषधाचा परिणाम. जबड्याच्या नसा दुखावतात, काही दिवसांत थांबतं.

मी वाचून काढलं. पेशीच्या आत बारीक नळ्या असतात. पेशी दुभंगताना त्या लागतात. सदाफुलीचं औषध त्या नळ्या बांधूच देत नाही, म्हणून गाठीची पेशी मरते. पण नसांमध्येही त्याच नळ्या असतात, माल वाहून न्यायला. औषधाला गाठ आणि नस यांतला फरक कळत नाही. बोटांच्या नसा, जबड्याच्या, आतड्यांच्या, सगळ्या त्याच्या वाटेत येतात.

पप्पांना फक्त "चार दिवसांत थांबेल" एवढं सांगितलं.

रोज सकाळी मी विचारते, "मोशन झालं?" ते म्हणतात, "झालं झालं." आई असती तर तिने कोणता शब्द वापरला असता माहीत नाही. मला इंग्रजी शब्द सोपा पडतो. तो कोणाच्याच शरीराचा वाटत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी उठले तर पप्पांची चादर आणि लेंगा गॅलरीत वाळत होता. पिळलेला नव्हता, पाणी ठिबकत होतं. त्यांच्या बोटांत आता जोर नाही.

"चहा सांडला," ते म्हणाले.

"मशीन होतं ना. मला उठवायचं."

"तू कामून उठशील? तुला कामावर जायचं असतंय."

मशीनमध्ये घालून पुन्हा पिळून काढलं. चहाचा डाग नव्हता, बरं झालं. ताप नाही. पोट साफ.

२१ जानेवारी, मंगळवार

केस गेले. पप्पांनी आरशात बघून डोक्यावरून हात फिरवला. नंतर किसनकाका आले.

किसनकाका म्हणजे पप्पांचे कंडक्टर. अठरा वर्षं एकाच बसवर होते, पप्पा स्टिअरिंगवर, ते मागे. इथल्याच जुन्या गावातले आगरी. रिटायर झाल्यावरही पप्पांना "डायवर" म्हणतात आणि पप्पा त्यांना "मास्तर". आई जाऊन चार वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. मी कामावर असते तेव्हा दिवसभर काका असतात. किल्ली त्यांच्याकडे असते.

काकांनी पप्पांचं डोकं एकदा बघितलं. "डायवर, आता हेडलाइटची गरज नाय तुला."

"तुझं तर आधीच गेलंय. तू कोणतं औषध घेतलंस?"

"माझं बायकोनं उपटलं."

पप्पा खूप हसले. मीही हसले असते, पण तेवढ्यात बघितलं, त्यांना शर्टाचं बटण लागत नव्हतं. बटण बोटांत होतं, पण ते आहे हे बोटांना कळत नव्हतं. काकांनी बोलता बोलता हात पुढे केला आणि लावून टाकलं.

"पाय कसे आहेत?" मी विचारलं.

"गादीवर उभं राहिल्यावानी. क्लच दाबला तर दाबलाय का न्हाई कळणार न्हाई."

"आता कुठला क्लच मारायचाय तुला?" काका म्हणाले.

२८ जानेवारी, मंगळवार

दुसरा डोस. गाठी लहान झाल्या आहेत, डॉक्टरांनी हाताने तपासून सांगितलं. मानेतली तर शोधावी लागली. मला बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर पप्पांची पिशवी होती, म्हणून उभी राहिले.

डॉक्टरांनी त्यांना टाचांवर चालायला लावलं. चालले, थोडे डुलत. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला, थोडा. मग विचारलं, "पोट?"

"एकदम ओक्के," पप्पा म्हणाले आणि अंगठा दाखवला.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, रोज साफ आहे, एकही दिवस चुकलेला नाही. डॉक्टर म्हणाले, असं फार कमी बघायला मिळतं, तुम्ही छान काळजी घेता. पूर्ण डोस दिला.

रिक्षात पप्पांनी विचारलं, "काय म्हणले ग डॉक्टर, त्या दुसऱ्या तपासणीचं? हाडातून पाणी काढलं होतं ते?"

"ठीक आहे म्हणाले."

"ठीक म्हंजे?"

"ठीक म्हणजे ठीक, पप्पा."

ते बाहेर बघत राहिले.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज सुट्टी, त्यामुळे दिवसभर नोंद घेता आली. पप्पा सकाळी खूप वेळ संडासात होते. रेडिओ आत घेऊन गेले होते, मोठ्या आवाजात.

"रेडिओ आत कशाला?"

"बातम्या असत्यात."

बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम. अशक्तपणा असणार. रक्ताचे आकडे याच आठवड्यात खाली जातात.

"मोशन झालं?"

"झालं झालं."

बेसिनपाशी मुंग्यांची रांग आहे, गेले दोन दिवस. खडूची रेघ ओढली. थंडीत मुंग्या येत नाहीत सहसा. गोड औषधाची बाटली बरोबर आहे, जेवढी उतरायला हवी तेवढीच उतरली आहे.

मी केलेली भाकरी आणि मेथी दुपारी झाकून ठेवली आणि बाजारात जाऊन आले. ताट स्वच्छ होतं. काका ढेकर देत म्हणाले, "पोरी, भाकर काय झाली होती! आईवर गेलीस." काका आमच्याकडे जेवत नाहीत, घरून जेवून येतात. पप्पांची भूक चांगली आहे हे मात्र दिसतंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वजन तेवढंच. पण चेहरा बारीक दिसतो, गालफडं वर आली आहेत. चेहरा उतरतो आणि वजन उतरत नाही, याचा मेळ लागत नाही. काट्याचा शून्य तपासला, बरोबर आहे.

शर्टाची खालची दोन बटणं उघडी असतात आता. लावून देते म्हटलं तर "राहू दे, गरम होतंय."

पप्पांच्या पेल्याच्या तळाशी फुगलेलं, चिकट काहीतरी राहिलं होतं. सब्जा असावा. काका काहीबाही थंड आणून देत असतात. घशाला बरं वाटत असेल.

आज "झालं झालं" म्हणताना त्यांचा आवाज बसल्यासारखा वाटला. हाही परिणाम वाचला आहे. डॉक्टरांना पुढच्या वेळी सांगायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर नीट नाही.

सकाळी लॅबमध्ये एक गेज आला होता. मी दाब वाढवला, काटा तिथेच. कमी केला, तिथेच. शून्यावर आणला तरी तोच आकडा, तोच आत्मविश्वास. आमच्याकडे शिकाऊ मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतात, जो काटा कधीच हलत नाही त्यावर विश्वास ठेवू नका, तो अडकलाय.

मी त्याला "नापास"चं लेबल लावत होते आणि माझ्या कानात पप्पांचा आवाज आला. झालं झालं. महिनाभर, रोज, त्याच सुरात. आजारी माणसाचं एकही रीडिंग महिनाभर सारखं राहत नाही. मी कुठल्याही कारखान्याचा असा तक्ता स्वीकारला नसता.

सरांना सांगून तशीच निघाले. शेअर न करता अख्खी रिक्षा केली.

दार काकांनी उघडलं. पप्पा कुशीवर पडले होते, बादली शेजारी, बादलीत हिरवं. शर्ट वर गेला होता. पोट मी पहिल्यांदा बघितलं. ताणलेलं, चकचकीत. महिनाभर मी त्यांचा ताप घेतला, वजन घेतलं, पोटाकडे बघितलं नाही.

"पप्पा, मोशन कधीपासून नाही?"

"झालं की सकाळी." आणि पुन्हा ओकले.

इमर्जन्सीत डॉ. अबोली होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी पोटावर बोटांनी वाजवून बघितलं, मग स्टेथोस्कोप ठेवून खूप वेळ ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की ऐकू काही येत नाही.

"काका, संडासला कधी झालं शेवटचं?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. "रोज होतंय."

मी म्हटलं, "मी बाहेर थांबते." आणि पडद्याच्या बाहेर आले. पडदा कापडाचा. माझ्या आणि त्यांच्या मध्ये हातभर अंतर.

आतून पप्पा म्हणाले, अगदी हळू, "डोस झाला त्याच्या दुसऱ्या दिसापासून न्हाई. वारा बी सरत न्हाई." मग, "पोरीला सांगू नका."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आतडी थांबली आहेत. अडकून बंद झालेली नाहीत, त्यांना चालवणाऱ्या नसा गप्प झाल्या आहेत. नाकातून नळी घातली आहे, तिच्यातून हिरवं पाणी पिशवीत उतरतं. तोंडाने काही नाही. सलाइन आणि पोटॅशियम.

डॉ. अबोली यांनी स्पष्ट सांगितलं. मी तसंच मागितलं होतं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच, त्यामुळे एनिमा देता येत नाही, साधी जखमही महागात पडेल. ऑपरेशन म्हणाल तर या रक्तावर कोणी सर्जन हात लावणार नाही, आतडं फुटलं तरच. आणि फुटलं तर, त्या म्हणाल्या, आणि वाक्य पूर्ण केलं नाही. मी पूर्ण करायला सांगितलं नाही.

"आता काय करायचं?"

"वाट बघायची."

किसनकाका बाहेर जिन्यावर बसले होते. मी गेले तसे उभे राहिले, जणू बसमध्ये चेकर चढला.

"पोरी, मना सांगतलं त्यानं. आठ दिवस झाले सांगून. मी इसबगोल आनलं. दोन चमचे, तीन चमचे. माझं पोट त्यानंच साफ होतं. मना काय ठाव?"

तो सब्जा नव्हता. इसबगोल पाण्यात फुगतो. चालत्या आतड्याला तो पुढे ढकलतो, थांबलेल्या आतड्यात तो नुसता बसून राहतो. आणि पप्पा पाणीसुद्धा जेमतेम पीत होते.

"मला फोन का नाही केला?"

"तो बोल्ला, पोरीला बोलू नको. अशा गोष्टी पोरीला सांगायच्या असतात काय? मी म्हटलं, बरोबर हाय. मी पन माझ्या पोरीला नसतं सांगितलं."

"आणि जेवण?"

ते जमिनीकडे बघत राहिले. "पोटात काय गेलंच नाय तर खाली यायचं काय, असं त्याचं म्हननं. भाकर मी खाल्ली. दोन टाइम जेवत होतो, तुना वाईट नको वाटायला म्हनून."

मी वळून वॉर्डात गेले. बोलायला लागले असते तर थांबता आलं नसतं.

पप्पांनी सगळं माझ्यापासून लपवलं. माझ्यापासून, जी रोज विचारत होती. इतकं साधं, मोजता येणारं सत्य एखादा माणूस घरच्याच माणसाला कसं सांगत नाही, हे मला समजत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

ताप आला. अँटिबायोटिक बदललं. पोट तसंच. डॉ. अबोली दर थोड्या वेळाने येऊन ऐकतात, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते, त्या मान हलवतात. नाही.

पप्पा बोलत नाहीत. नळीमुळे घसा दुखतो. हात हातात घेतला तर त्यांना कळत नाही, म्हणून मी मनगटाच्या वर धरते, तिथे अजून कळतं.

खालच्या मजल्यावर आज कोणीतरी रडत होतं, लांबलचक आवाजात. मला एकच भीती सतत वाटते आहे, की मी कॅन्टीनमध्ये चहा घ्यायला जाईन आणि तेवढ्यात आतडं फुटेल. चहा घेतलेला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ताप उतरला. पांढऱ्या पेशी वर येऊ लागल्या. दुपारी डॉ. अबोली स्टेथोस्कोप ठेवून थांबल्या आणि मला म्हणाल्या, "ऐका." मी कानाला लावलं. खूप लांब, पाण्याच्या टाकीत एखादा बुडबुडा यावा तसं. मग एक अजून.

संध्याकाळी काका भेटायला आले, मी खिडकीपाशी होते. पप्पा अचानक ताठ झाले, माझ्याकडे बघितलं, आणि तो आवाज झालाच. वॉर्डात सगळ्यांना ऐकू गेला.

काका उठून उभे राहिले. "डायवरनं हॉर्न वाजवला रे!"

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला, त्याची बायको हसली. पप्पा पोट धरून हसत होते आणि दुखतंय म्हणून ओरडत होते. मला बाहेर जावं लागलं. मी रडले, किती वेळ ते बघितलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नळी निघाली. पेज सुरू झाली. पोट मऊ आहे. आज मी स्वतः हात लावून बघितलं, त्यांनी लावू दिला.

मोठे डॉक्टर कॉरिडॉरमध्ये भेटले. पुढच्या डोसमध्ये सदाफुलीचं औषध पूर्ण वगळता येईल, किंवा अर्धं देता येईल. वगळलं तर आतडी सुरक्षित, पण उपचारातला एक पाय काढल्यासारखं. अर्धं दिलं तर पुन्हा असं होऊ शकतं. "निर्णय पेशंटशी बोलून घ्या. त्यांचा आजार कुठपर्यंत आहे ते त्यांना माहीतच आहे."

मी हो म्हटलं.

पप्पांपाशी येऊन बसले. दोन पर्याय सांगितले, जसे डॉक्टरांनी सांगितले तसेच. पप्पांनी ऐकलं.

"गाठी तर गेल्या की. मग वगळू. पुन्हा हे नको, माय."

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्याकडे जेवढी माहिती होती तेवढ्यावर हेच उत्तर येतं.

मला वाटत होतं की मी बोलणार नाही. पण बोलले. हाडांच्या मगजाचं, चौथ्या स्टेजचं, आणि चौथ्या स्टेजलाही माणसं बरी होतात तेही. सगळं एका दमात, लॅबमधला रिपोर्ट वाचावा तसं.

सलाइनच्या नळीतले थेंब पडत होते.

"कधीपासून ठाऊक हाय तुला?"

"पहिल्या डोसच्या आधीपासून."

"म्हंजे तू दोन महिने एकलीच हे घेऊन फिरायलीस?" त्यांनी हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. बोटांना कळत नसल्यामुळे जरा जोरातच पडला. "अन् मी रेडिओ लावून बसायलो होतो."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशीची चादर चहाची नव्हती. गोड औषधाने पोट एकदम सुटलं, पायात जोर नव्हता, उठेपर्यंत झालं. तिथून पुढे ते औषध रोज चमचाभर बेसिनमध्ये ओतत होते. "तुझी माय असती तर तिनं धुतलं असतं. तू कामून धुवावं? तुझं लगीन व्हायचंय अजून."

लग्नाचा आणि चादरीचा संबंध मी विचारला नाही.

"अर्धं घेऊ," ते म्हणाले. "पण पोटाचं मी मास्तरला सांगीन. खरं सांगीन. मास्तर तुला फोन करील. तू मला विचारायचं न्हाई. अन् हाडाचं, रक्ताचं, जे काय असंल ते तू मला सांगायचं. तिथं मास्तर नको."

मी कबूल केलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरा डोस. एक आठवडा उशिरा. छोटी पिशवी तशीच दिसते, आत अर्धं आहे हे डोळ्यांना कळत नाही. ती थेंब थेंब संपत होती तेव्हा पप्पा माझ्याकडे बघत होते आणि मी पिशवीकडे.

घरी आल्यावर रक्ताचे सगळे आकडे त्यांना वाचून दाखवले. एक आकडा त्यांना आवडला नाही, तो पुन्हा वाचायला लावला. काका म्हणाले, "तुना समजला काय?" पप्पा म्हणाले, "न्हाई. पण तिनं सांगितला."

काकांनी गोड औषध स्वतः पाजलं आणि तोंड उघडून दाखवायला लावलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल आणि परवा काकांचा फोन सकाळी दहाच्या आत आला. परवा "झाला." काल, "नाय झाला, पन उद्या होईल बोलतोय."

आज दहा वाजले, फोन नाही. मी एका गेजवर दाब चढवत होते, काटा नीट चढत होता, आणि मी काय वाचलं ते पुन्हा वाचावं लागत होतं. सव्वादहा. सर म्हणाले, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, बरी आहे. माझं हे उत्तर मला पप्पांच्या "झालं झालं"सारखंच ऐकू आलं.

मग फोन वाजला. काकांचं नाव. हात पुढे गेला नाही. तिसऱ्या रिंगला उचलला.

पलीकडे काही पडल्याचा आवाज, मग काका, दुरून, "अरे मी बोलतो ना, मना दे." मग पप्पा. फोन त्यांच्या बोटांत नीट बसत नसणार, आवाज येत-जात होता.

"अस्मे."

"हं, पप्पा."

"आज बी झालं न्हाई. वारा पण सरला न्हाई रात्रीपासून. पोट कडक लागायलंय, मास्तरनं हात लावून बघितलं. औषध सगळं घेतलं, ओतलं न्हाई." ते थांबले. श्वास मोठा येत होता. "मला भ्या वाटायलंय. तू ये."

"दुखतंय?"

"दुखतंय. उजव्या बाजूला."

"पाणीसुद्धा पिऊ नका. मी निघाले."

मी गेजवरचा दाब उतरवला, काटा शून्यावर येईपर्यंत थांबले, झडप बंद केली. जिना उतरता उतरता डॉ. अबोलींना फोन लावला. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो, नक्की, पप्पांनी स्वतः सांगितलंय.